बटण वर येईना

भाऊंच्या कारखान्यात काम करणारी माणसं दोनच, पण डोकी मोजायला गेलात तर चक्रावून जाल. कपड्यांच्या दुकानांत काचेमागे उभे असतात ते पुतळे तिथे दुरुस्तीला यायचे. कुणाचं नाक उडालेलं, कुणाचा हात खांद्यातून निखळलेला, कुणाच्या चेहऱ्याचा रंग उन्हाने इतका उडालेला की बाई आहे की बटाटा कळू नये. भाऊ त्यांना नवे डोळे, नवे ओठ आणि गालांवर नवी लाली द्यायचे, आणि त्यांची बायको त्यांना केसांचे टोप चढवायची. थोरल्या दादांचे धाकटे म्हणून ते भाऊ. पुढे अख्खी गल्ली त्यांना भाऊ म्हणायला लागली आणि त्यांची बायको न विचारता सगळ्यांची वहिनी झाली.

डोळे आणि ओठ साध्या कुंचल्याने व्हायचे. लालीचं तसं नव्हतं. लाली कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे दिसता कामा नये, म्हणून ती एअरब्रशनेच मारायची. जाडसर पेनाएवढं हत्यार ते. वर रंगाची इवलीशी वाटी, खालून कॉम्प्रेसरची नळी आणि पाठीवर एक बटण. बटण खाली दाबलं की हवा सुटते, दाबलेलंच मागे ओढलं की हवेबरोबर रंग येतो, आणि बोटाचा भार कमी केला की बटण आपलं आपण वर येऊन हवा बंद होते. सांगायला सोपं. भाऊंना ते नीट जमायला उमेदीची चार वर्षं गेली होती, आणि तेवढ्या वेळात दादांच्या हातच्या टपल्या किती खाल्ल्या त्याचा हिशेब नाही.

दादांनी त्यांना दोन गोष्टी शिकवल्या होत्या. एक म्हणजे काम चालू असताना बोट बटणावरून उचलायचं नाही. भार हलका करायचा, पण बोट तिथेच ठेवायचं. उचललं की परत टेकवताना हिसका बसतो आणि बाईच्या गालावर डाग पडतो. दुसरी गोष्ट म्हणजे हत्याराला दोष द्यायचा नाही. भाऊ कधी म्हणाले की आज ब्रश नीट चालत नाहीये, की दादा मान वर न करता म्हणायचे, "नाचता येईना, अंगण वाकडं." ते इतक्या वेळा ऐकलं होतं की भाऊंच्या तोंडून हत्याराविरुद्ध अवाक्षर निघायचं बंद झालं.

आणि आता गेले काही दिवस भाऊंचं बोट त्यांचं ऐकत नव्हतं.

उजव्या हाताचं पहिलं बोट. बटण दाबायला जावं तर ते दाबलंच जायचं नाही, जरा जोर लावावा तर एकदम धसकन खाली जायचं, आणि गालावर लालीऐवजी थोबाडीत मारल्यासारखा पट्टा उठायचा. त्याहून वाईट म्हणजे भार हलका केला तरी हवा थांबायची नाही. भाऊ मनात म्हणायचे, सोड, सोड आता. बोट सोडल्यासारखं वाटायचं, पण हवा चालूच, आणि ओला रंग कोळ्याच्या पायांसारखा चहूकडे पळायचा. म्हणजे मी सोडलं असं मला नुसतं वाटतंय, बोट सोडतच नाहीये, असा भाऊंनी अर्थ लावला. दुसरा कुणी असता तर त्याने आधी हत्याराला चार शिव्या हासडल्या असत्या. पण भाऊ पडले दादांचे चेले.

आणि भीती नेमकी तीच होती. कारण दादांचं असंच सुरू झालं होतं. हेच बोट, तेही फक्त कामाच्या वेळी. मग मधलं बोट, मग पंजा. दादांनी एका सकाळी हा एअरब्रश भाऊंच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "घे, माझं झालं." त्यानंतर त्यांनी तो कधी हातात धरला नाही. आता दादा दुसऱ्या गावात मुलाकडे असतात आणि त्यांच्या शर्टाची बटणं सूनबाई लावून देते. भाऊंचं मन कितीदा तरी त्या बटणांशी येऊन अडायचं. आपल्याला तर सूनही नाही, हा पुढचा विचार.

त्यामुळे रोज सकाळी भाऊ शर्टाची बटणं लावायचे, काढायचे आणि परत लावायचे. आरशासमोर नव्हे, तिथे बघून वहिनींना संशय आला असता. कपाटाच्या दाराआड उभे राहून. बटणं व्यवस्थित लागायची. पण दादांचीही पहिल्या वर्षी लागत होतीच की.

वहिनींनी एकदा पाहिलंच. "कुणाच्या लग्नाला निघालाय का? कधीपासून सजणं चाललंय."

"घट्ट होतोय शर्ट," भाऊ म्हणाले.

"शर्ट नाही, पोट," वहिनी म्हणाल्या, आणि विषय तिथे संपला.

डॉक्टरकडे जायचं भाऊ टाळत होते. जोवर गेलो नाही तोवर नुसती शंका, गेलो की नाव मिळणार. झाकली मूठ सव्वा लाखाची. तरी एक गोष्ट त्यांनी केलीच. शोरूमवाला नवे पुतळे टाकायला आला तेव्हा त्याला बाजूला घेऊन, आवाज खाली आणून सांगितलं की एवढी खेप करून देतो, पुढचं काम दुसरीकडे बघा. शोरूमवाला बघतच राहिला. भाऊ मग दिवसभर गप्प होते, आणि सगळे पुतळे नेहमीसारखेच गप्प, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्या खेपेतली शेवटची बाई उरली होती. मान किंचित कललेली, हनुवटी वर, अशी उंच बाई. डावा गाल कसाबसा जमला. उजव्या गालाला बोटाने दगा दिला आणि लाल ओघळ थेट जबड्यापर्यंत आला. भाऊंनी तो पुसला, परत मारला, परत ओघळ. दुसऱ्यांदा पुसताना खालचा पांढरा थरही निघता निघता राहिला. त्यांनी एअरब्रश खुंटीवर अडकवला आणि मागच्या मोरीवर हात धुवायला गेले. हात स्वच्छ झाले तरी नळाखालीच धरून उभे राहिले.

इकडे वहिनींना रान मोकळं मिळालं. त्यांची एक जुनी खोड होती. टोप विंचरला की त्यात सुटे केस अडकून राहतात, ते झटकून निघत नाहीत. एअरब्रशची हवा मारली की एका फुंकरीत टोप साफ. भाऊंनी त्यावरून आजवर घर डोक्यावर घेतलं होतं. सोनाराच्या चिमट्याने कुणी गाजर उचलतं का, असं ते विचारायचे. म्हणून वहिनी हे काम भाऊंची पाठ वळली की उरकायच्या. त्यांनी वाटी रिकामी केली, एअरब्रश धरला, बटण दाबलं, टोपावरून हवा फिरवली आणि झालं म्हणून बोट उचललं.

हवा थांबली नाही.

त्यांनी बटणाकडे पाहिलं. ते खालीच बसलेलं होतं. नखाने उचकटून पाहिलं, ढिम्म. मोरीवर नळ बंद झाल्याचा आवाज आला तसं त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी एअरब्रश टेबलावर टाकला आणि दोन पावलं मागे सरकून उभ्या राहिल्या.

भाऊ गरजतच आत आले. "परत? परत टोपाला हवा? किती वेळा सांगितलं..."

"मी काही केलं नाही," वहिनी दोन्ही हात वर करून म्हणाल्या. "नुसतं दाबलं आणि सोडलं. बघा, हात वर आहेत माझे. त्यानेच चालू ठेवलंय."

टेबलावर एअरब्रश एकटाच फुसफुसत होता. भाऊ त्याच्याकडे बघत राहिले. बटण खाली होतं, हवा चालू होती, आणि त्याच्यावर कुणाचंच बोट नव्हतं.

भाऊंनी बाजूची खुर्ची ओढली आणि बसले.

"अहो, काय झालं? एवढं काय त्यात, आणू की नवीन," वहिनी घाबरून म्हणाल्या. "आणि तसंही शोरूमवाला फोनवर विचारत होता, भाऊ खरंच थांबणार का म्हणून. मी म्हटलं, थांबले तर मला विचारून थांबतील. तुमचं चाललंय तरी काय?"

मग भाऊंनी सांगितलं. बोटाचं, दादांचं, कपाटाआडच्या शर्टाचं, सगळं. वहिनी ऐकत होत्या, आणि ऐकता ऐकता त्यांचा चेहरा आधी पडला आणि मग तापला.

"म्हणजे इतके दिवस एकटेच कुढत बसलात? मी काय या पुतळ्यांतली आहे?"

"तसं नाही गं."

"तसंच आहे. आणि रोज हातात धरताय, एवढं दिसलं नाही की बटणच वर येत नाहीये?"

दिसणार कसं? काम चालू असताना भाऊंनी बोट बटणावरून कधी उचललंच नव्हतं, आणि काम थांबवून ब्रश खुंटीला लावेपर्यंत बटण उशिरा का होईना वर आलेलं असायचं. कालपरवा शिकायला लागलेल्याने हिसके देत काम केलं असतं, आणि पहिल्या दिवशीच त्याला कळलं असतं. इतक्या वर्षांच्या सवयीच्या बोटाखाली मात्र तो बिघाड खुशाल झाकला गेला होता. हे बोलून दाखवायची भाऊंना लाज वाटली.

"उघडा आधी ते," वहिनी म्हणाल्या.

भाऊ उठेनात. हत्यार बिघडलंय हे खरं. पण म्हणून बोट धड आहे असं कुणी सांगितलं? दोन्ही बिघडलेली असली तर? आता निदान आशा तरी होती. बटणाखालचा हवेचा व्हॉल्व साफ केला आणि त्यानंतरही गालावर ओघळ आला, तर ती पण जायची. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि कॉम्प्रेसर बंद केला. खोलीत एकदम शांत झालं. मग त्यांनी टेबलावर पांढरं फडकं पसरलं, शेजारी छोटा स्क्रूड्रायव्हर, थिनरची वाटी, कापूस आणि दात कोरायच्या काड्या मांडल्या. एवढी तयारी झाल्यावर माघार घेणं बरं दिसलं नसतं.

भाऊंनी नळी सोडवली. मागची मूठ फिरवून काढली, आतली चाकी सैल केली आणि रंग सोडणारी लांब सुई हळूच मागे ओढून बाहेर घेतली. सुई आधी काढायची, नाहीतर टोक वाकतं आणि मग सगळंच संपतं. सुई निघाल्यावर बटण वरून उचललं. मग एअरब्रश उलटा करून खालचा व्हॉल्व पिळून बाहेर काढला. करंगळीच्या पेराएवढं नळकांडं. त्याच्या बुडाला चिरेचा बारीक स्क्रू, स्क्रूमागे स्प्रिंग आणि स्प्रिंगच्या पोटात ती दांडी, जी बटणाने दबते आणि स्प्रिंगने वर येते.

स्क्रूड्रायव्हर धरताना भाऊंचं लक्ष सारखं बोटाकडे जात होतं. बोट सरळ चाललं होतं. स्क्रूचे शेवटचे आटे निघाले, आणि स्प्रिंगने टुणकन उडी मारली.

"गेली!" भाऊ ओरडले.

खाली बघावं तर पायच पाय. उभ्या पुतळ्यांचे, आडव्या पुतळ्यांचे, आणि एक कोपऱ्यात नुसताच गुडघ्यापासून खालचा. भाऊ गुडघ्यांवर बसले आणि वहिनी त्यांच्यामागे. दोघं त्या जंगलातून सरपटत, एकमेकांना डोकी आपटत शोधत होते. भाऊ घामाघूम. इतकी बारीक स्प्रिंग बाजारात मिळायला कोण जाणे किती दिवस, आणि तेवढे दिवस हे बोट उशाशी घेऊन झोपायचं म्हणजे कठीण होतं.

"थांबा," वहिनी एकदम म्हणाल्या. टेबलाच्या कडेला मघाचा तपकिरी टोप पडला होता. त्यांनी तो उचलला, फडक्यावर धरला आणि कंगवा घेऊन सावकाश विंचरायला लागल्या. तिसऱ्यांदा कंगवा फिरवताच स्प्रिंग टपकन फडक्यावर पडली.

"तरी म्हणता टोपाचं काम काय मोठं," वहिनी म्हणाल्या. भाऊ कधी तसं म्हणाले नव्हते, पण ही वेळ वाद घालायची नव्हती.

राहिली दांडी. ती सरकून बाहेर पडायला हवी होती, पडली नाही. भाऊंनी वरून काडीने ढकलली तेव्हा कुरकुरत आली. दांडीच्या गळ्याभोवती गुलाबी चिकटा बसला होता, लालीचाच रंग, सुईच्या बाजूने थेंब थेंब झिरपून आत वाळलेला. चिकट्यात आणखी काहीतरी होतं. भाऊंनी चिमट्याने टोक पकडून ओढलं. ते येतच राहिलं. एक लांब तपकिरी केस, दांडीला वेढे घालून बसलेला.

वहिनींनी तो केस पाहिला, मग टोपाकडे पाहिलं. त्यांचा चेहरा गालावर लाली मारल्यासारखा झाला.

"मीच," त्या म्हणाल्या. "माझ्या फुंकरीतला. केसाने गळा कापतात म्हणतात तो असा."

त्या बोलणी खायची तयारी करून उभ्या राहिल्या. भाऊ तो केस उजेडात धरून बघत होते, आणि त्यांना तो इतका आवडला होता की फ्रेम करून लावावा. केस काढता येतो. चिकटा धुता येतो. याला कुणी डॉक्टर लागत नाही.

"बोला ना काहीतरी," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही ओरडला नाहीत की मला भीती वाटते."

"ओरडतो, सवडीने," भाऊ म्हणाले.

त्यांनी दांडी आणि स्प्रिंग थिनरमध्ये टाकली. दांडीवरची रबराची बारीक रिंग मात्र बाजूला ठेवली, ती थिनरने फुगते. तिला साबणाच्या पाण्यात बोटांनी चोळली. काडीला कापूस गुंडाळून नळकांड्याचं भोक आतून पुसलं. पहिला बोळा गुलाबी आला, दुसरा फिका, आणि मग पांढराच्या पांढरा. दांडीवर रिंग परत चढवली, नखभर ग्रीस लावलं, दांडी बसवली, स्प्रिंग बसवली, आणि या वेळी वहिनींनी वरून तळहात धरला होता. स्क्रू बेताने आवळला. व्हॉल्व जागेवर, बटण जागेवर, शेवटी सुई.

कॉम्प्रेसर सुरू झाला. भाऊंनी एअरब्रश वहिनींपुढे धरला.

"आधी तू."

वहिनींनी दाबलं, हवा सुटली. बोट उचललं. बटण टक् करून वर आलं आणि हवा बंद. त्यांनी परत केलं, आणि मग उगाचच आणखी एकदा.

"आता तुम्ही."

भाऊंनी वाटीत रंगाचे दोन थेंब टाकले. उंच बाई हनुवटी वर करून वाट बघत होती. भाऊंनी बोट बटणावर ठेवलं. दाबलं. बटण लोण्यासारखं खाली गेलं. किंचित मागे ओढलं, मनगट फिरवलं, पुढे सोडलं, भार हलका केला.

बोटाखाली बटण वर आलं. त्यांना ते स्पष्ट कळलं, कुणी खालून हळूच ढकलावं तसं. गालावर लाली होती, आणि ती कुठे सुरू झाली ते दिसत नव्हतं.

भाऊंचा जीव भांड्यात पडला. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही, हाताला रंग होता. वहिनींनी पदराने टिपलं आणि म्हणाल्या, "त्या शोरूमवाल्याला मीच सांगते, भाऊ कुठे थांबत नाहीत म्हणून." आणि खरंच लगेच फोन लावून सांगितलं, वर दोन शब्द सुनावले, जणू ते काम सोडायची कल्पना त्याचीच होती.

मग भाऊंनी दादांना फोन लावला. इतक्या आनंदात होते की काय सांगतोय, कुणाला सांगतोय याचा विचारच केला नाही. बटण कसं अडत होतं, आपण कसे घाबरलो, केस कसा निघाला, स्प्रिंग कशी टोपात जाऊन बसली. "दादा, आयुष्यात पहिल्यांदा अंगणच वाकडं निघालं!" असं म्हणून ते मोठ्याने हसले. पलीकडून हसू आलं नाही, आणि तेव्हा त्यांना कळलं आपण काय बोललो ते.

"व्हॉल्व खोलल्यावर आत घाण होती?" दादांनी विचारलं.

"होती. भरपूर."

"मी पण खोलला होता रे त्या वेळी," दादा म्हणाले. "तू घरी गेलास की खोलायचो. रोज. आत काहीतरी सापडू दे म्हणायचो. दर वेळी लख्ख असायचा."

हत्याराला दोष द्यायचा नाही म्हणणारा माणूस रोज संध्याकाळी ते खोलून त्यात दोष शोधत बसायचा, आणि हे भाऊंना कधीच कळलं नव्हतं.

"मला सांगितलं नाहीस कधी."

"काय सांगायचं? स्वच्छ आहे म्हणून?" दादा म्हणाले. आणि मग त्यांचा आवाज मोकळा झाला, लहानपणी पतंग कापून आणल्यावर व्हायचा तसा. "पण तुझ्यात निघाली ना घाण? निघाली ना? मग सुटलास लेका. आज मी सूनबाईला सांगतो, शर्टाचं वरचं बटण पण लाव, मी जरा बाहेर मिरवून येतो."

फोन ठेवल्यावर भाऊ परत उंच बाईसमोर येऊन बसले. लालीचा दुसरा हात अजून द्यायचा होता. त्यांनी दाबलं, मागे ओढलं, मनगट फिरवलं. आणि मग दादांनी शिकवलेली पहिली गोष्ट मोडून त्यांनी बोट पूर्ण उचललं आणि बटणाकडे बघत राहिले. ते वर होतं.